पौलसभाऊंची थैली

पौलसभाऊंचे अख्खे धर्मज्ञान मी पावभर लसणावर देऊन टाकले.

झाले असे, की दिवाळीच्या साफसफाईत बायको म्हणाली, "माळ्यावरचं भंगार काढा." मी काढले. एकदाच सांगितलेले काम मी एकदाच ऐकून केले, अशी ती वर्षातली पहिली वेळ असावी. त्या भंगारात एक खाकी कापडी थैलीही होती. दौलत भंगारवाल्याने ती हातात तोलली, आत डोकावून पाहिले आणि सगळ्या मालाच्या बदल्यात लसूण दिला. लसूण चांगला होता. तिसऱ्या दिवशी त्याच लसणाची फोडणी पडली, वास माझ्यापर्यंत आला आणि एकदम आठवले, ती थैली आपली नव्हती.

ती शेजारच्या पौलसभाऊंची होती.

पौलसभाऊ म्हणजे मिशनच्या दवाखान्यातले निवृत्त ड्रेसर. चाळीस वर्षे लोकांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. ब्रह्मपुरीत आमच्या भिंतीला लागून त्यांचे घर. तिथे ते आणि मार्थाबाई, दोघेच. आमच्याकडचे चर्च लहान, टिनाच्या छपराचे. माणसे तीस-पस्तीस. पाळकसाहेब गडचिरोलीहून महिन्यातून एकदा यष्टीने येत. उरलेल्या रविवारी उपदेश पौलसभाऊंचा, आणि तो कधीही पुस्तकातून सुरू होत नसे. तो थैलीतून सुरू होई.

थैलीत हात घालायचा, एक वस्तू बाहेर काढायची, सगळ्यांना दाखवायची आणि विचारायचे, "हे काय हाये?"

"वायसर," कोणीतरी म्हणायचे.

"हातपंपाचा वायसर. काही ख्रिस्ती कसे असतेत, या हातपंपावानी. पैले त्याच्यात तांब्याभर पाणी तुमीच टाका, मंग पन्नास बार हापसा, तवा कुठी एक धार येते. अन् ते बी तुमच्याच पाण्याची!"

एकदा त्यांनी फुलाफुलांचा कप आणला होता. "हा कपाटातला कप. नाताळाले बाहेर निघते, मंग सालभर काचेमागं. फुटत नाई. पण कोणाची तहान बी भागवत नाई." त्या रविवारी फक्त नाताळाला येणारे एक कुटुंब चुकून आले होते. पुढच्या नाताळालाही आले नाही.

बुजगावण्याचे मडके आणले, तेव्हा तर मी तिथे होतो. मी हिंदू माणूस, पण मार्थाबाईंच्या करंज्यांसाठी कुठल्याही धर्मात पाऊण तास बसू शकतो. पौलसभाऊ दोन्ही हात आडवे पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "हा पाहा. उभा कसा? प्रभूवानी. हात पसरून. पण पाखरू बी जवळ येत नाई."

त्यांनी कोणाला सोडले नाही. मलाही नाही. "तुमी देवाले छत्रीवानी वापरता, भाऊ. पाणी आलं का शोधता, उघाड पडली का यष्टीत विसरून येता." मी हसलो. त्या पावसाळ्यात मी तीन छत्र्या विसरलो होतो. माझी बायको हसता हसता भिंतीला टेकली. माझ्या विनोदांना ती एवढी कधी हसलेली नाही.

तेव्हा ही थैली म्हणजे त्यांची पोथी होती. ती माझ्याकडे कशी आली? दिवाळीच्या महिनाभर आधी मार्थाबाईंना नागपूरला न्यावे लागले. पोटातले दुखणे होते, त्याचे नाव कोणी मोठ्याने घेत नव्हते. घराला कुलूप लावताना पौलसभाऊंनी थैली माझ्या हातात दिली. "इथी उदळी लागते, कापड खाऊन टाकते. तुमच्या माळ्यावर ठेवा. याच्यात माहा पुरा उपदेश आहे."

मी दौलतला गाठायला धावलो. तो म्हणाला, "माल तं वडश्याले गेला, भाऊ. तवाच."

आता थैलीतल्या एका वस्तूबद्दल सांगायला हवे. तिच्यात एक सायकलची घंटी होती, पितळी, जुनी, टोपीला तडा गेलेली. ती थैलीतून फक्त एकदा बाहेर निघाली, आठ वर्षांपूर्वी. ती त्यांच्या मुलाची, इलियाची. कॉलेजातून येताना तो गल्लीच्या कोपऱ्यावरूनच ती वाजवायचा. तड्यामुळे तिचा आवाज 'ट्रिंग' असा स्वच्छ नव्हता. मध्येच घशात कफ अडकल्यासारखी ती खरखरायची. त्या खरखरीवर मार्थाबाई तवा चुलीवर ठेवायच्या.

इलियाचा आवाज गोड. चर्चमध्ये गाणी तोच म्हणायचा. पण दोनदा परीक्षेत नापास झाला, कामधंद्याला लागेना. आणि एका रविवारी पौलसभाऊंनी त्याच्या सायकलीवरून उतरवलेली ती घंटी थैलीतून काढली. वाजवली. "हे काय हाये?" घंटी कोणाची ते सगळ्यांना माहीत होते. "असे बी ख्रिस्ती असतेत. आवाज मोठा, सायकल नाई."

लोक हसले. मीही हसलो, हे लिहायला हवे. इलिया पहिल्या रांगेत सतरंजीवर बसला होता. उठला, चपला घातल्या आणि गेला. थेट दक्षिणेकडे, कुठल्याशा सूतगिरणीत. आईला फोन करायचा, बापाला नाही. बापानेही केला नाही. चाळीस वर्षे ज्यांनी लोकांना शिकवले, 'वाळलेली पट्टी ओढू नये, भिजवावी, मंग सैल सोडावी,' त्यांनी स्वतःच्या घरातली पट्टी आठ वर्षे तशीच वाळू दिली.

नोव्हेंबरच्या शेवटी मार्थाबाईंना नागपूरहून परत आणले. डॉक्टर म्हणाले होते, घरी न्या. एवढेच म्हणाले होते. आमच्याकडे त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कबुली द्यायला गेलो. मार्थाबाई आतल्या खाटेवर होत्या. पौलसभाऊ ओसरीवर बसले होते. मी घसा साफ केला. "भाऊ, ती तुमची थैली..."

एवढ्यात गल्लीच्या कोपऱ्यावर घंटी वाजली. ट्रिंग, आणि मध्येच खरखर.

पौलसभाऊ ताठ झाले. आतून मार्थाबाईंचा आवाज आला. परवापर्यंत ज्यांना पाणी मागायचीही ताकद नव्हती, त्या मोठ्याने म्हणाल्या, "इलिया आला का जी?"

आम्ही दोघे फाटकाशी गेलो. दौलत भंगारवाला आपली हातगाडी जोडलेली सायकल रेटत येत होता. हँडलवर ती घंटी. बाकी माल त्याने वडश्याला धाडला होता, एवढी वस्तू चांगली वाटली म्हणून ठेवून घेतली होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. मी घंटी हिसकायला पुढे झालो. पौलसभाऊंनी माझा दंड धरला. म्हाताऱ्याची पकड अजून ड्रेसरची होती.

"राहू द्या," ते म्हणाले. मग आत गेले. मला ऐकू आले. "येऊन राह्यला. कोपऱ्यापर्यंत आला."

ज्या माणसाने खोटे बोलण्यावर एकदा फुटका आरसा घेऊन पाऊण तास उपदेश केला होता, तो हे बोलला.

दुसऱ्या दिवशी ते फाटकाशी दौलतची वाट पाहत उभे होते. "रोज येत जा गा," ते त्याला म्हणाले. "अन् कोपऱ्यावरून वाजवत ये."

"रोज येऊन काय करू, भाऊ? भंगार पाह्यजे ना."

"देतो ना भंगार."

आणि त्यांनी दिले. पहिल्या दिवशी रद्दी. मग गळका डबा. मग पत्र्याची पेटी. मग जर्मनचे पातेले, जे गळत नव्हते. मग दवाखान्यातून निवृत्तीला मिळालेला टेबलफॅन. ज्या माणसाने आयुष्यभर वस्तू उचलून माणसांना दाखवल्या, तो रोज सकाळी एकेक वस्तू उचलून घराबाहेर देत होता. बदल्यात दौलत लसूण द्यायचा. त्यांच्या घरात रांधायला कोणी नव्हते, म्हणून तो भिंतीवरून आमच्याकडे यायचा. आमच्या वरणात, भाजीत, चटणीत लसूण. मला तो गिळवेना. बायको नुसती वाढत राहायची. तेही मला पुरे होते.

रोज घंटी वाजायची. रोज आतून विचारणा व्हायची, "आला का?" रोज पौलसभाऊ म्हणायचे, "येऊन राह्यला."

नवव्या दिवशी मी खाटेजवळ बसलो होतो. घंटी वाजली. मार्थाबाईंनी काही विचारले नाही. पौलसभाऊंनीच सवयीने म्हटले, "येऊन राह्यला."

मार्थाबाईंनी डोळे उघडले. "कोपऱ्यावरून घरी याले नऊ दिवस लागतेत का जी? मले माहीत आहे तो दौलत होय. त्याच्या गाडीचं चाक वाजते." थोडा दम घेतला. "घर खाली करून राह्यले तुमी. त्याच्यापरीस फोन करा ना."

पौलसभाऊ उठले आणि आमच्या ओसरीवर आले. मी माझा मोबाइल पुढे केला. नंबर त्यांना तोंडपाठ होता. आठ वर्षांत एकदाही न लावलेला नंबर ते पाढा म्हटल्यासारखे म्हणाले.

"इलिया, मी बोलून राह्यलो."

पलीकडे गिरणीची घरघर होती.

पौलसभाऊंचा रिकामा हात मांडीजवळ काहीतरी चाचपत होता. मला कळले, तो थैली शोधत होता. दाखवायला वस्तू नसली तर या माणसाला बोलता येत नाही, आणि वस्तू मी विकली होती.

"ते घंटी," ते शेवटी म्हणाले, "ते तू नोहता. ते मीच होतो. आवाज मोठा, सायकल नाई." मग म्हणाले, "मायले पाह्याले ये."

पलीकडून काय उत्तर आले, मला ऐकू आले नाही. फोन परत देताना ते म्हणाले, "गाडी पकडतो म्हणे."

इलिया दोन दिवसांनी आला. बल्लारशाहून गोंदियाच्या गाडीने उतरला आणि स्टेशनावरून चालत आला. मार्थाबाई आदल्या दुपारी गेल्या होत्या.

त्याने बापाकडे पाहिले नाही. आईच्या शवपेटीजवळ बसला. तिचे कपाळ बर्फाने गार झाले होते, त्यावर त्याने हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. गाणे म्हणायला कोणी सांगितले नाही, त्यानेही म्हटले नाही.

कबरस्तानात पेटी खाली सोडताना दोराच्या एका टोकाला इलिया होता, समोरच्या टोकाला पौलसभाऊ. इलियाने आपले टोक ओढून धरले. दोराला झटका बसला, पेटी एका बाजूला कलली.

"हळू," पौलसभाऊ म्हणाले. "ओढू नोको. सैल सोड."

इलियाने मान वर करून बापाकडे पाहिले. दोर सैल सोडला. पेटी सरळ खाली टेकली. तो चार दिवस राहिला; तेवढ्यात त्या दोघांमध्ये मी ऐकलेले बोलणे एवढेच.

जाताना त्याने फाटकाची निसटलेली बिजागरी ठोकून दिली. "पोचलो का फोन करतो," मला म्हणाला. फोन आलाही, बापासाठी. दोन मिनिटांचा.

पुढच्या रविवारी मीही चर्चला गेलो. करंज्या नव्हत्या, तरी गेलो. पौलसभाऊ समोर उभे राहिले. लोक सवयीने त्यांच्या हाताकडे पाहू लागले. त्यांनी दोन्ही पंजे उघडून दाखवले. "आज काई नाई आणलं," म्हणाले आणि खाली, लोकांमध्ये येऊन बसले.

घरी येऊन मी बायकोला म्हटले, आता तरी दौलतकडून ती घंटी सोडवून आणतो, चूक माझीच होती. दौलत अजूनही रोज कोपऱ्यावरून वाजवत येतो. पौलसभाऊंकडे द्यायला काही उरलेले नाही, तरी ते रोज उठून फाटकापर्यंत येतात, गाडी पुढे जाईस्तोवर उभे राहतात आणि परत फिरतात.

बायको लसूण सोलत होती. वर न पाहता म्हणाली, "घंटी राहू द्या तिथीच. फाटकापर्यंत तं येतेतच भाऊ. तुमी नुसती हाक मारा, चहा मी वाढवून ठेवते."