झिराडकरांचं पार्सल

शौल झिराडकरांनी त्या सोमवारी एक लहानसा निर्णय घेतला : घरचा कचरा आजपासून गिरणीतल्या मुकादमाच्या गल्लीत नेऊन टाकायचा. (माणसानं निर्णय घेऊच नयेत. मुंबईतली गोदीची नोकरी सोडून इस्रायलला यायचा निर्णयही त्यांनीच घेतला होता.)

त्यांच्या वस्तीतल्या कचरापेटीला तीन आठवडे कुणी हात लावला नव्हता. गावाच्या टोकाला भारतातून, मोरोक्कोतून आलेली माणसं राहत. तिथवर पोचेपर्यंत नगरपालिकेच्या गाडीचं पेट्रोल संपत असावं. खालच्या मजल्यावरच्या रोझच्या बाळाला उंदीर चावला, तेव्हा पालिकेतला बाबू म्हणाला, "तुम्हा लोकांना सवय असेलच." हे ऐकून झिराडकरांचं डोकं फिरलं. पण हिब्रूत भांडता येईना, म्हणून घरी येऊन त्यांनी अर्ज केला. इंग्रजीत, टाईप करून, तीन प्रतींत. असे सहा अर्ज झाले, उत्तर एकाचंही नाही.

"अहो, त्या कॉप्या तरी कामाला येऊ देत," म्हणत बायकोनं, ॲलिसनं, माशांची डोकी आणि कांद्याची सालं अर्जांत गुंडाळली. झिराडकरांनी वरून खाकी कागद लावला, सुतळी आवळली, गाठ मारली. वीस वर्षं गोदीत पार्सलं पाहिलेला माणूस! कचरा झाला म्हणून काय गबाळा बांधायचा?

"जपून हां," ॲलिस म्हणाली. "कायम व्हायचा कागद अव्नेरच्या टेबलावर आहे."

तो कागद झिराडकर विसरणं शक्यच नव्हतं. सात वर्षं ते गिरणीत सुताच्या पेट्या उचलत होते. मुकादम अव्नेरनं सही केली की स्टोअरमध्ये कारकून, खुर्चीसकट.

अव्नेरच्या गल्लीतली पेटी रोज रिकामी होई, वर धुतलीही जाई. झिराडकर बसस्टॉपवर उतरून तिकडे निघाले, तोच मागून हाक आली, "शौल!"

गाडीत अव्नेर. झिराडकरांनी पार्सल घाईनं बाकाखाली सरकवलं.

"इथे काय करतोस?"

"बस... बस चुकली."

"मग बैस की!"

साहेबाच्या गाडीला नाही कसं म्हणणार? बसले.

दहा वाजता गिरणीत अव्नेरच्या बायकोचा फोन आला. बसस्टॉपच्या बाकाखाली बाँब! रस्ता बंद, मुलं तळघरात, पोलीस, रुग्णवाहिका, सगळं दहा मिनिटांत हजर. पोलीस आता तो बाँब तिथेच उडवून देणार होते.

"शौल, आपण तिथेच होतो रे!" अव्नेरनं त्यांना मिठीच मारली. "देवानं वाचवलं!"

आता बोलावं तर खुर्ची जाते, न बोलावं तर... झिराडकर नुसतेच "ते... ते..." करत राहिले. तेवढ्यात फोनमधून धडाम ऐकू आलं.

"मासे," अव्नेरची बायको म्हणाली. "झाडावर मासे आहेत."

अर्ध्या तासात पोलीस अधिकारी करपलेला कागद घेऊन गिरणीत आला. कागदावर नाव, पत्ता, सही, सगळं शाबूत होतं. अधिकाऱ्याला इंग्रजी येत होतं. त्यानं सगळ्या कामगारांसमोर मोठ्यानं, हिब्रूत करून वाचलं, 'आमच्या वस्तीतला कचरा लवकरात लवकर उचलावा, ही नम्र विनंती.' गिरणी खो खो हसली. झिराडकर मान खाली घालून उभे राहिले. सहा अर्जांत पहिल्यांदा सरकारनं एक शेवटपर्यंत वाचला होता.

पालिकेनं त्याच दुपारी रस्ता दोनदा धुतला. अव्नेरच्या गल्लीतला.

आठवड्यानं झिराडकर घरी आले, तेव्हा ॲलिस दारातच उभी होती. "काय झालं? केलं कायम?"

"केलं."

"देव पावला! खुर्ची कशी आहे?"

"खुर्ची नाही, ढकलगाडी आहे. गिरणीचा कचरा उचलायचा. अव्नेर म्हणाला, तुला आवड दिसते."

ॲलिस खाली बसली. खिडकीतून पेटीचा वास येत होता, रोझचं बाळ रडत होतं. बऱ्याच वेळानं ती उठली, कांद्याची सालं गोळा केली आणि पिशवी नवऱ्यापुढे ठेवली.

"उद्या ही गिरणीतच न्या, तुमच्या ढकलगाडीत टाका. पण अव्नेरला तोंडी विचारा हो. अर्ज करू नका."