चार पुस्तकं आणि एक पाटा

"पुस्तकात नाही," भिकाजी नागवेकरांनी चष्मा कपाळावर चढवत निकाल दिला, "म्हणजे ते नाहीच."

"मग हे काय आहे?" दमयंतीबाईंनी वर्तमानपत्राचं पान त्यांच्या नाकासमोर धरलं.

पानावर माडाहून उंच असा एक फिरता पाळणा होता आणि त्यात बसलेली माणसं आ वासून ओरडत होती. मुंबईला खाडीच्या पलीकडे परदेशातल्यासारखं खेळांचं उद्यान निघालं होतं. उलटीपालटी होणारी गाडी, भुतांची गुहा, पाण्यात धपकन पडणारी होडी आणि हा पाळणा. ते पान दमयंतीबाईंनी दीड महिना तांदळाच्या डब्यात जपून ठेवलं होतं.

"पेपरात काय, काहीही येतं. रेल्वे येणार असंही येतं." कोकणात तेव्हा रेल्वे फक्त भाषणांतून धावत होती, त्यामुळे हा मुद्दा खोडणं अवघड होतं.

दमयंतीबाई शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवत. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि या चौदा वर्षांत त्यांनी प्रवास काही कमी केला नव्हता. लग्नं, बारशी, संगमेश्वरच्या आतेसासूचं आजारपण, ती बरी झाल्यावर तिचा नवस फेडायला देवरूखकडे. एकूण काय, जिथे जिथे त्या गेल्या तिथे एक तर नातेवाईक होता, नाहीतर देव. "मला एकदा अशा ठिकाणी जायचंय," त्या म्हणाल्या, "जिथे मला कोणाच्याही पाया पडावं लागणार नाही."

त्यांची अकरा वर्षांची गोदा बाजूला बसून पाळण्यातल्या माणसांचे दात मोजत होती.

भिकाजी वाईट माणूस नव्हता. तो फक्त आवक-जावक विभागात होता. वीस वर्षं कागदांवर नंबर टाकून टाकून त्याची अशी खात्री झाली होती, की जगात जे काही आहे ते कुठेतरी नोंदलेलं असतं. जाऊ, तो म्हणाला, नाताळच्या सुटीत जाऊ; पण पुस्तक बघून, नीट आखून. एस.टी. स्टँडवरच्या दुकानातून त्याने मुंबईची माहिती देणारं एक पुस्तक आणलं होतं. त्यात अर्धी देवळं होती आणि अर्ध्या केसांच्या तेलाच्या जाहिराती. उद्यान नव्हतं. पण जायचं ठरल्यावर भिकाजीच्या मते चूक उद्यानाची नव्हती, पुस्तकाची होती, आणि त्यावर उपाय म्हणजे आणखी मोठं पुस्तक.

इथेच घात झाला.

रत्नागिरीच्या खालच्या आळीत कोणी मुंबईला निघालं की ती बातमी मांजरासारखी कुंपणाखालून जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भिकाजी तर दारोदार पुस्तकं मागत हिंडला. पहिलं दार रावजींचं. रावजी तीस वर्षं मुंबईला नोकरी करून परत आले होते. त्यांनी ट्रंकेच्या तळातून एक पिवळं पुस्तक काढलं.

"ह्याच्यासारखा पुस्तक मिळायचा नाय. सगळ्या ट्रामी दिल्यान हायत बघा, नंबरासकट."

"पण ट्रामी बंद झाल्या ना?"

"ट्रामी बंद झाल्या. रस्ते कुठं बंद झाले?" रावजींनी पुस्तक भिकाजीच्या हातात ठेवलं आणि दुसऱ्या हातात एक पुडकं. "आता चाललाच हाव, तर एवढी आमसुलं भावाकडं टाका. लालबागला. तुमच्या वाटेतच."

ज्याचं पुस्तक आपल्या हातात आहे त्याचं पुडकं नाकारायचं कसं? भिकाजीला ते जमलं नाही, आणि मला विचाराल तर तुम्हालाही जमलं नसतं.

वाचनालयातल्या लवूने तर नियमच दाखवला. नकाशा असलेलं जाडजूड पुस्तक बाहेर न्यायला परवानगी नव्हती. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, पुस्तक पिशवीत सरकवलं आणि पाठोपाठ दोन किलो कुळथाचं पीठ. "भैनीला. भांडुपला ऱ्हाते. पुस्तक कोणाला दाखवू नका, पीठ मात्र हातात द्या." नकाशात खाडीच्या पलीकडे नुसतं दलदलीचं खाजण दाखवलं होतं. भिकाजीने तिथे बराच वेळ बोट फिरवलं.

चौथं पुस्तक काशीवहिनींकडचं. त्यांचा जावई ते विसरून गेला होता. इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं, फोटोंचं. भिकाजी हरखला. काशीवहिनी मागच्या पडवीत गेल्या आणि धापा टाकत परत आल्या. त्यांच्या कडेवर पाटा होता. वरवंटा वेगळा.

"ह्यो तेवढा विरारला लेकीकडं पोचवा. ती मिक्सरात चटणी करते वो. मिक्सरातली चटणी काय चटणी?"

"वहिनी, हा दगड आहे."

"मग काय लाकडाचा असणार?"

यानंतर पुस्तक नसलेले लोकही यायला लागले. उकडे तांदूळ, फणसपोळी, तिरफळं, आणि डाव्या बाजूच्या घरातून वर्तमानपत्रात बांधलेले सुके बांगडे. दमयंतीबाईंनी डब्यातलं ते पान वेळीच उचलून उशीखाली ठेवलं, नाहीतर तेही बांगड्यांना गेलं असतं. गोदाने गाठोडी मोजली. चौदा भरली.

भिकाजीने तीन रात्री बसून कार्यक्रम आखला आणि कार्बन घालून त्याच्या तीन प्रती काढल्या. गुरुवारी लालबाग आणि परळ. शुक्रवारी भांडुप, तिथून मुलुंड. शनिवारी विरार, पाट्यामुळे पूर्ण दिवस. रविवारी सकाळी गिरगाव. आणि सगळ्यात खाली: उद्यान, दुपारी तीन ते चार, कंसात 'जमल्यास'.

दमयंतीबाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवलं, कारण पुढचं बोलणं पातेलं हातात घेऊन करण्यासारखं नव्हतं.

"हे जमल्यास काय आहे?"

"म्हणजे वेळ उरला तर."

"चौदा वर्षं झाली, मी उरलेल्या वेळात जगत्येय. लालबागला दिवस, दगडाला दिवस, आणि मला एक तास? तोही कंसात? खोडा तो शब्द."

"अगं, पण लोकांनी विश्वासाने दिलंय..."

"खोडा."

भिकाजीने शब्द खोडला. वीस वर्षांची नोकरी होती; रिकामी जागा त्याला बघवेना. त्याने तिथे 'शक्यतो' असं लिहिलं.

दमयंतीबाईंनी आपली आणि गोदाची अशी एकच पिशवी भरली आणि ती मांडीवर मावते की नाही ते बसून पाहिलं.

बुधवारी सकाळी मुंबईची गाडी स्टँडला लागली. चौदा गाठोडी, चार पुस्तकं, पाटा, वरवंटा. पोचवायला अर्धी आळी आली होती; नागवेकरांना नव्हे, आपापल्या गाठोड्यांना. काशीवहिनी पाट्याशेजारी उभ्या होत्या, लेक सासरी चालल्यासारखा चेहरा करून. टपावर आधीच कोणाच्या तरी नारळांची पोती चढली होती. कंडक्टरने खाली उतरून ढिगाभोवती एक फेरी मारली.

"ह्ये काय, दुकान हलवताव काय?"

"घरगुती सामान आहे," भिकाजी म्हणाले.

"टपावर जागा नाय. आत ठेवलात तर लोकांनी पाय कुठं ठेवायचे? ह्या गाडीनं एक तर सामान जाईल, नायतर तुमची माणसं जातील. लवकर बोला, मला टाइम झाला."

भिकाजींनी पुस्तकांकडे पाहिलं. चारांपैकी एकातही या परिस्थितीत काय करावं ते दिलेलं नव्हतं.

"माणसं," दमयंतीबाई म्हणाल्या. गोदाचा हात धरून त्या गाडीत चढल्या आणि खिडकीजवळ बसल्या.

"अगं, अशी काय करतेस? उद्या जाऊ ना, सामानाची सोय करून."

"तुम्ही उद्या या. मी आज निघाल्येय. बोरिवलीला सीता आहे, माझी अध्यापिका विद्यालयातली मैत्रीण. तिच्याकडे आम्ही राहू. ती आपली कोणी लागत नाही, म्हणून तर तिच्याकडे राहू."

"आणि मी?"

"सामान का माणसं, असं विचारलंय त्यांनी. तुम्ही कशात मोडता ते तुम्ही ठरवा."

अख्खी गाडी भिकाजींकडे बघायला लागली. एक पाय त्यांनी पायरीवर ठेवलाही. पण मागून काशीवहिनींचा आवाज आला, "भावजी, पाटा!" आणि पाय आपोआप खाली आला. कंडक्टरने घंटी मारली. भिकाजी खिडकीबरोबर धावले आणि ते इंग्रजी पुस्तक त्यांनी आत कोंबलं. "निदान हे तरी ने! वाट कशी सापडेल?"

दमयंतीबाईंनी ते तसंच बाहेर त्यांच्या हातात परत दिलं. "मला जायचंय ते ह्यात नाही."

वाट सापडायला काही पुस्तक लागत नाही; तोंड लागतं. त्यांनी सीताला विचारलं, सीताने शेजारणीला विचारलं, शेजारणीने कोपऱ्यावरच्या कोळणीला. कोळणीने हात वर करून पलीकडे नेणाऱ्या होडीचा धक्का दाखवला. दुसऱ्या दिवशी दहाला फाटक उघडलं तेव्हा दमयंतीबाई आणि गोदा रांगेत पहिल्या होत्या, आणि सहाला बाहेर पडल्या तेव्हा शेवटच्या.

पाळण्यात त्या पाच वेळा बसल्या. पहिल्या वेळी डोळे मिटून. दुसऱ्या वेळी उघडे ठेवून. तिसऱ्या वेळी पाळणा वर थांबला आणि त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या, की गोदा त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला आईचा हा आवाज माहीत नव्हता. वरून समुद्र दिसत होता. समुद्र रत्नागिरीलाही दिसतो. पण इथे तो बघताना मागून कोणी चहा मागत नव्हतं. दमयंतीबाईंना रडू आलं, आणि हसूही, आणि दोन्हीपैकी कशाचीही त्यांना लाज वाटली नाही.

भिकाजी सामानाचं वेगळं तिकीट काढून गुरुवारी निघाले. तीन दिवस त्यांनी ट्रामीच्या रस्त्यांनी अख्खी मुंबई पालथी घातली. विरारला पाटा पोचला तेव्हा काशीवहिनींच्या लेकीने तो पाहून कपाळाला हात लावला आणि आतून एक खोका आणला. "बरं झालं आलात, काका. आईसाठी मिक्सर घेऊन ठेवलाय. जपून न्या हं, आत काचेचं भांडं आहे." चौदा गाठोडी वाटून नऊ गाठोडी घेऊन ते परतले.

नव्या वर्षात आळीतल्या बायका एकेक करून दमयंतीबाईंकडे येऊ लागल्या. पाळण्यात चक्कर येते का? भुतं खरी दिसतात का? नवऱ्याला घरी ठेवलं तर चालतं का? पुन्हा पुन्हा तेच सांगायचा कंटाळा आला, तेव्हा दमयंतीबाईंनी गोदाच्या वहीत सगळं लिहून काढलं. एकच पान. धक्का कुठे, होडी कधी, डबा कुठे उघडावा, कुठल्या पाळण्याला रांग कमी. आणि सगळ्यात वर, पहिल्या नंबराला: 'कुठे चाललो ते परत आल्यावर सांगावे.'

पानाच्या प्रती घरोघर गेल्या. भिकाजींच्याही वाचनात एक आली.

"ह्याला आधार काय?" त्यांनी विचारलं.

"मी जाऊन आल्येय," दमयंतीबाई म्हणाल्या. आवक-जावक विभागाने पानावर नंबर टाकला आणि ते फायलीला लावलं.

मे महिन्यात एका संध्याकाळी भिकाजी कचेरीतून आले तर दाराला कुलूप. शेजारच्या अंगणात काशीवहिनी उभ्या होत्या. त्यांनी किल्ली पुढे केली. "आमटी-भात झाकून ठेवलान हाय."

"गेली कुठे ही, गोदाला घेऊन?"

"परत आल्यावर सांगतील."

"मलासुद्धा नाही सांगितलं?"

"तुमच्या तोंडात तीळ भिजत नाय, भावजी. मागच्या खेपेला आळीभर कोणी सांगितलान?" एवढं बोलून काशीवहिनींनी आणखी एक किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "ही आमची. मांजरीला दोन वेळा दूध घाला."

तेव्हा कुठे भिकाजींच्या लक्षात आलं, की वहिनींनी ठेवणीतलं लुगडं नेसलंय, पायात चपला आहेत आणि काखेला पिशवी आहे.

"वहिनी, तुम्ही कुठे निघालात?"

वहिनी आळीच्या वळणापर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी मागे न बघता नुसता हात हलवला.

शनिवारपर्यंत भिकाजींकडे सहा घरांच्या किल्ल्या जमल्या. सवयीप्रमाणे त्यांनी प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधली आणि नंबर टाकला. कोण कुठे गेलंय असं कोणी विचारलं, तर मात्र त्यांना एकाही घराचं सांगता येत नव्हतं.