दिल्लीला धाडलेला ठराव

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालोय, तेही बारामतीत! त्यामुळं केंद्र सरकारचा सगळा कारभार इंग्रजीतच झाला पाहिजे, हा ठराव आमच्या ग्रामसभेत मांडायला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात नव्हता. दिल्लीची हिंदी आपल्याला धड कळत नाही, आपली मराठी त्यांना कळत नाही. मग एकदाची इंग्रजीच असू दे की!

खरं तर माझा जीव पुढच्या विषयात अडकला होता. माझा ऊस तोडीला आलेला आणि रानात ट्रॅक्टर जायला वाटच नाही! वाट निघणार ती चुलत्यांच्या, म्हणजे गेणबा आबांच्या बांधावरून. महिनाभर चहा पाजून मी आबांना मऊ केलं होतं. सभेत ते फक्त "बघू की" म्हणणार होते. आमच्याकडं चुलत्यानं "बघू की" म्हटलं, की खुशाल मुरूम टाकायला घ्यायचा.

ठराव टाळ्यांत मंजूर झाला. तेवढ्यात मागून गावातला टवाळ झुंबर ओरडला, "दिल्लीला शिकवताय, मग आपल्यापासनंच सुरू करा की!"

"व्हय, व्हय!" सगळी सभा खिदळली.

सरपंच राजलक्ष्मीवहिनींनी माझ्याकडं पाहिलं. कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी छाती काढून म्हणालो, "करा सुरू! पुढचा विषय इंग्रजीत!"

पुढचा विषय माझाच, हे उठल्यावर आठवलं. "माय शुगरकेन... इनसाइड. ट्रॅक्टर... आउटसाइड. रोड, प्लीज!"

वहिनी आबांकडं वळल्या. "आबा, येस का नो?"

आबांनी टोपी सारखी केली, घाम पुसला, पत्र्याकडं पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नो!"

टाळ्यांचा कडकडाट! ग्रामसेवकानं विरोध लिहून घेतला आणि माझी वाट गेली पुढच्या सभेवर. तोवर उसाला तुरे येऊन वजन घटणार!

आबांना मी दारातच गाठलं. "आबा, अहो, महिनाभर चहा प्यालात की माझा!"

"आरं, मला 'बघू की'च म्हणायचं हुतं! पर ह्या सरपंचबाईनं दोनच शब्द दिलं. येस म्हणावं तर बांध जातोय माझा!" आबाही वैतागले होते. "तूच सांग, 'बघू की'ला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

मी चपला शोधायला लागलो.

"सांग की! बी.ए. हायस न्हवं?"

"बघू की," मी म्हणालो.