शुक्रवारच्या हार्दिक शुभेच्छा

एका जंगलात, बाळांनो, सगळ्या मेंढ्या ख्रिस्ती होत्या. फिदीफिदी हसू नका. कोल्ह्याला कसलाच धर्म नव्हता, त्याला हसा हवं तर.

जंगलात एकच झरा होता. तरसाला तो पाइप टाकून आपल्या नव्या हॉटेलात न्यायचा होता. मग कोकरांनी काय प्यायचं? म्हणून ‘झरा वाचवा’ आंदोलन उभं राहिलं. पण मेंढ्यांचा कळप आडवा बसल्याशिवाय पाइप काही थांबणार नव्हता.

आंदोलनातली साळिंदर मेंढ्यांच्या म्होरकीकडे, मार्थाबाईंकडे गेली.

“मी देवबिव मानत नाही, बाई. पण तहान मलाही लागते. याल का?”

“अगंबाई, नास्तिक!” मार्थाबाईंनी दारच लावून घेतलं. चहा सोडाच, बस म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आंदोलनाचा पुढारी कोल्हा आला. गळ्यात हा एवढा क्रूस! नांगराला जुंपल्यासारखा वाकून चालत होता.

“जय ख्रिस्त, मार्थाबाई! मी तुमच्यातलाच.”

“बघा, किती नम्र!” मेंढ्या विरघळल्या. कोणत्या चर्चचा, एवढंही कुणी विचारलं नाही. अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय!

शुक्रवारी पाइप येणार होता. चर्चमधली प्रार्थना आटोपून सगळ्यांनी झऱ्यावर बसायचं ठरलं. तो नेमका गुड फ्रायडे होता. मेंढ्या काळे कपडे घालून, उपाशीपोटी, मान खाली घालून चर्चबाहेर आल्या. घंटासुद्धा मुकी होती.

समोर कोल्हा. सोबत बँडबाजा, हातात पेढ्यांचं ताट.

“गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा! तोंड गोड करा!”

मार्थाबाईंनी ताट बाजूला सारलं. “अहो, आज आमच्या प्रभूला क्रूसावर खिळलं!”

“अरेरे! कुणी? तरसानेच ना? उद्याच निषेध मोर्चा काढू!”

मेंढ्या संतापल्या. “लबाड मेला! याचं आंदोलनही लबाडच!” म्हणत तरातरा घरी गेल्या. झऱ्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

झऱ्यावर साळिंदर एकटीच बसली होती. तरसाच्या गड्यांनी तिला काठीने बाजूला ढकललं आणि पाइप टाकला.

आता कोकरं हॉटेलमागच्या गटाराला तोंड लावतात. मार्थाबाई शेजारी उभ्या राहून म्हणतात, “पण त्या कोल्ह्याला आपण ओळखलं बरं का!”

तात्पर्य : खरं बोलणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही. तेव्हा बाळांनो, खुशाल खोटं बोला. फक्त निघण्याआधी कॅलेंडर बघत जा.