बादलीत बुडवलेला साक्षीदार

गाडी फाटकाबाहेर तर काढायची, तेवढ्यासाठी चष्मा कशाला, असं उस्तादांनी त्या सकाळी ठरवलं. (पट्टीचा पोहणारा बुडतो तो घोटाभर पाण्यातच.)

उस्ताद म्हणजे जन्मभर बस चालवलेला माणूस. नोकरी सुटली, तोरा सुटला नाही. बायकोने मात्र बजावून ठेवलं होतं, "चष्म्याशिवाय बसलात आणि गाडीला ओरखडा जरी आला, तरी किल्ली माझ्या कमरेला. मग फिरा पायी." उस्तादांचं उरलंसुरलं आयुष्य त्या किल्लीला लटकलेलं होतं.

त्यात जावयाने गाडीत एक पेटी बसवलेली. तिला पुढे एक डोळा, मागे एक डोळा. (स्वतःच्या घरातला नळ वर्षभर गळतोय, आणि हा गल्लीभर गाड्यांना डोळे लावत फिरतो!)

"मामा, धक्का लागला की ही पेटी आधीचं-नंतरचं सगळं रेकॉर्डिंग आसपासच्या पेटीवाल्या गाड्यांना वायरलेसने पाठवते. गाडी जळाली तरी ते सुरक्षित. शिवाय कुलूपबंद. मालकाने हो म्हटल्याशिवाय कुणाला दिसत नाही."

"म्हणजे आपल्या घरची लक्तरं शेजाऱ्याच्या कपाटात! आणि तार नाही, काही नाही, तर जाणार कुठून? थापा मारा, जावईबापू. सासऱ्याला मारायला तेवढंच हातात असतं."

तर उस्तादांनी गाडी मागे घेतली. समोर दातांचा डॉक्टर राहतो. त्याने फाटकाशी जाहिरातीचा प्लायवूडचा माणूस उभा केलेला, पुरुषभर उंच, पांढरा कोट, बत्तीस दात. (डॉक्टरच्या स्वतःच्या तोंडात निम्मे असतील तर शपथ.)

धाड!

उस्तादांनी वळून पाहिलं, तर पांढऱ्या कोटातला माणूस रस्त्यात उताणा. धावत गेले, हात जोडले. "अहो साहेब, माझंच चुकलं हो! चष्मा घरात राहिला. पण आमच्या घरात कळवू नका, पाया पडतो तुमच्या!"

साहेब हसतच होता. उस्ताद खरोखर पायाशी वाकले, बोटं प्लायवूडवर टेकली, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

मागे दिवा फुटलेला. उस्तादांनी इकडेतिकडे पाहिलं. चिटपाखरू नाही. फळी उभी केली, पेटी उचकटली आणि गाडी धुण्याच्या बादलीत, फेसात बुडवली. बुडबुडे थांबेपर्यंत दाबून धरली. मग चोरावर मोर व्हायचं म्हणून बोंब ठोकली, "डॉक्टर! बाहेर या! माझ्या गाडीला धडकून आत लपलात काय?"

डॉक्टर तोंडात ब्रश घेऊनच आला. "मी? माझी गाडी कालपासून जागची हलली नाही!"

"मग माझी गाडी स्वतःच दिवा फोडून घेते होय? दात उपटता उपटता लोकांचे दिवे उपटायला लागलात!"

गल्ली गोळा झाली. बायको आली, जावई आला. उस्तादांनी बादलीतून पेटी काढून मेलेल्या उंदरासारखी सगळ्यांपुढे धरली. "बघा! धक्क्याने उडून बादलीत पडली. असती जिवंत, तर दूध का दूध झालं असतं!"

डॉक्टर म्हणाला, "माझ्या गाडीतल्या पेटीत तुमचं काहीतरी आलंय खरं. पण उघडत नाही."

"मामा हो म्हणाले की उघडेल," जावई फोन काढत म्हणाला. "म्हणताय का, मामा?"

उस्तादांनी ओल्या पेटीकडे पाहिलं. थेंब थेंब गळत होती. गाठ कुणाशी आहे! "हो म्हणतो! शंभरदा हो! दाखव साऱ्या गल्लीला! कर नाही त्याला डर कशाला?"

जावयाने फोन उंच धरला. आवाजही वाढवला, गाढवाने. "अहो साहेब, माझंच चुकलं हो..." इथपासून ते पायाशी वाकलेल्या उस्तादांच्या पाठीपर्यंत सगळं स्वच्छ दिसलं. डॉक्टरला ब्रशसकट ठसका लागला.

बायको हसली नाही. तिने हात पुढे केला. किल्ली घेतली, कमरेला खोचली. मग म्हणाली, "'माझंच चुकलं.' लग्न झाल्यापासून ऐकायला कान आसुसले होते माझे. ऐकायला मिळालं कुणाला? फळीला!"

हल्ली उस्ताद पायी फिरतात, चष्मा लावून. डॉक्टरच्या फाटकाशी पोचले, की बायको गाडीचा हॉर्न वाजवते आणि काच खाली करून ओरडते, "अहो, साहेबांना नमस्कार राहिला!"