धामणीची अंडी आणि भिशीचं दही

"त्या डब्याला हात लावू नकोस!" यज्ञेश्वर बाहेरच्या खोलीतून ओरडला, तोवर पद्मजाचा हात डब्यावर पोचलाही होता. डबा तिचा होता. इडलीचं पीठ आंबवायचा, रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा. आता तो फ्रीजच्या डोक्यावर मागच्या कोपऱ्यात सरकून बसला होता आणि त्याच्या झाकणाला कुणीतरी तापल्या खिळ्यानं भोकं पाडली होती.

"अहो, झाकणाला भोकं कुणी पाडली?"

"त्यांना हवा नको का मिळायला?"

"कुणाला?"

"धामणीची अंडी आहेत. घाबरू नकोस, धामण बिनविषारी असते."

"मला विषाची नाही, इडलीची काळजी आहे!" पद्मजा कडाडली.

यज्ञेश्वर राजारामपुरीत गणिताचे क्लास घ्यायचा आणि उरलेल्या वेळात लोकांच्या घरांत शिरलेले साप धरून रानात सोडायचा. त्या सकाळी कोडोलीहून सयाजी नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला होता. "सर, शेणखताचा खड्डा उपसला, तर आत अंडी घावल्यात. जनावर गेलं उसात निघून. आता ह्यास्नी कोंबडीखाली ठिवू काय?" हा धावतपळत गेला, वनखात्याला कळवलं आणि पिल्लं निघाली की परत तिथंच सोडायची, अशा बोलीवर अंडी घेऊन आला. अंडी कधी घातलेली, हे सयाजीलाही ठाऊक नव्हतं आणि यज्ञेश्वरलाही.

"दोनच दिवस," तो म्हणाला. "अंडी उबवायचं एक चांगलंसं मशीन निवडतो आणि तुझा डबा तुला देतो."

'निवडतो' हा शब्द ऐकला आणि पद्मजानं कपाळावर हात मारून घेतला. या माणसानं मिक्सर निवडायला इतका वेळ घेतला होता, की तोवर पाट्यावर चटण्या वाटून तिचे खांदे निकामी व्हायची वेळ आली होती. हॉलच्या पडद्यांचं कापड तर लग्न झाल्यापासून ठरत होतं. खिडक्यांना अजून तिच्या जुन्या साड्या लटकत होत्या.

पहिला फोन कोंबड्यांची मशीनं विकणाऱ्याला गेला.

"बोला पावणं, कोंबडी कुठली हाय? गावठी का कडकनाथ?"

"कोंबडी नाही हो. धामण."

पलीकडून आवाज आला, "पावणं, सकाळी सकाळी चेष्टा करू नगासा." यज्ञेश्वरनं सगळं समजावून सांगितलं. "मग घेऊन जावा की! आमचं मशीन अंडी आपोआप फिरवतंय, तुमी हातबी लावायचा न्हाय."

"फिरवायचीच नाहीत! कोंबडीचं अंडं फिरवतात, सापाचं फिरवलं की आतलं पिल्लू मरतं."

"तर मग मोटर काढून ठिवा."

"मोटर काढायची, तर मोटरवालं मशीन घ्यायचं कशाला?"

"मग घेऊ नगा की!" म्हणून त्यानं फोन आपटला.

पुढं बंद पडत आलेल्या एका बाळांच्या दवाखान्यातली काचेची पेटी हा बघून आला. तिथल्या नर्सबाईंनी "बाळ केवढं आहे?" विचारलं, तर यानं "अजून अंड्यात आहे," असं खरं तेच सांगितलं आणि बाहेरचा रस्ता धरावा लागला. हुपरीच्या मित्रानं जुन्या फ्रीजमध्ये बल्ब बसवून फुकट द्यायची तयारी दाखवली. ते याच्या मनात भरलंही, पण फ्रीजचं दार उजवीकडं उघडत होतं. रोज जेवताना ताटाशेजारी मोबाईल उघडा ठेवून तो मशीनं बघायचा. पद्मजा रोज विचारायची, "डबा?" तो म्हणायचा, "दोनच दिवस." घरातून इडली हद्दपार झाली. पोहे खाऊन खाऊन पद्मजाचा जीव विटला.

त्यातच राजनंदिनीचा फोन आला. गल्लीतल्या बायकांच्या भिशीची ती मुख्य. आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता. "वहिनी, या बारीला भिशी तुमच्यात करूया म्हणतो आम्ही. पण एक सांगा, घरात जनावर न्हाय न्हवं?"

विचारण्याला कारण होतं. मागं एकदा भिशी याच घरात भरली होती आणि पूर्णिमा सोफ्यावर जिथं टेकली, तिथली कापडी पिशवी हलायला लागली होती. पिशवीत नाग होता. तेव्हापासून पद्मजाची पाळी आली, की बायका "हॉटेलात बसूया" म्हणायच्या. वर्षं झाली, घरात चार बायका येऊन मोठ्यानं हसल्या नव्हत्या. पद्मजाला ते फार लागायचं. तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही, एवढंच.

"एकही नाही. शपथ," ती म्हणाली.

"बाथरूममधी?"

"कुठ्ठंही नाही!"

फोन ठेवला आणि तिनं यज्ञेश्वरला धारेवर धरलं. "मशीन आणा, अंडी त्यात घाला आणि मशीन क्लासवर न्या. भिशीच्या आत! पुन्हा या घरात कुणी पाऊल टाकलं नाही, तर तुमच्या सापांशी गप्पा मारू का मी?"

त्या धसक्यानं मशीन आलं एकदाचं. आतल्या खोलीत टेबलावर बसलं. पण लगेच अंडी ठेवील तो यज्ञेश्वर कसला! आधी चाचणी. आत पाण्याचा पेला आणि तीन थर्मामीटर. तिघांची तीन मतं. म्हणून चौथा आणला, तर त्याचं आणखीच वेगळं. इन्व्हर्टरची वायर मशीनला जोडली गेली. लाईट गेली की नवरा-बायको अंधारात आणि पाण्याचा पेला तेवढा उबेत.

"अहो, ठेवा की आता!"

"अर्धा अंश वर-खाली होतंय. जिवंत जीव आहेत ते, पद्मजा."

"आणि मी कोण आहे?"

भिशीच्या आदल्या दिवशी पावसानं उच्छाद मांडला. बेत दहीवड्यांचा होता आणि गारठ्यात विरजण काही लागेना. दुपारी बघावं तर पातेल्यात दूधच. पद्मजानं आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. पेला मस्त ऊब खात होता. तिनं पेला बाहेर काढला आणि पातेलं आत सरकवलं. सकाळी चमचा उभा राहील असं दही लागलं होतं. तिनं लागेल तेवढं काढून घेतलं आणि उरलेलं परत आत ठेवलं. नवऱ्याचं मशीन तर तिच्या कामी आलं, पण नवरा काही हलेना. "अंडी संध्याकाळीच ठेवतो, आता हलवू नकोस," म्हणून तो क्लासला पळाला. तिनं डब्यासमोर टेबलक्लॉथची घडी उभी केली आणि देवाला हात जोडले.

बायका आल्या. आधी सोफ्याखाली बघितलं, मग बसल्या. पण दहीवडे पोटात गेले तशा सैलावल्या, हसायला लागल्या. पद्मजाचा जीव सुखावला.

"वहिनी, या पावसात दही लागलं कसं?" राजनंदिनीनं वाटी पुढं केली. "आमच्यात निस्तं पाणी हुतंय."

"उबेला ठेवलं होतं."

"कुठल्या उबेला?"

पद्मजा काही बोलणार, तोच भिजलेला यज्ञेश्वर आला आणि कुणाकडं न बघता आतल्या खोलीत घुसला. "काटा स्थिर झाला!" तो आनंदानं ओरडला. आणि पाठोपाठ, "पद्मजा! माझ्या मशीनमध्ये दही?"

"कसलं मशीन हो, भावजी?" राजनंदिनीनं विचारलं.

खोटं बोलणं या माणसाच्या रक्तातच नव्हतं. "सापाची अंडी उबवायचं," तो म्हणाला.

चमचे जागच्या जागी थांबले. पूर्णिमा पाय वर घेऊन दिवाणावर उभी राहिली.

"वहिनी," राजनंदिनी सावकाश म्हणाली, "तुमी शपथ घेतलीसा."

"तुम्ही जनावर विचारलंत. अंडी कुठं विचारलीत?" पद्मजा म्हणाली, पण मनातून ती समजून चुकली. आता ही शेवटचीच भिशी.

"अहो, नुसती अंडी आहेत, बघा की!" यज्ञेश्वरनं तिला सावरायला म्हणून फ्रीजवरचा डबा बाहेर आणला आणि झाकण उघडलं. मग त्याचाच आ वासला. मऊ पांढरी टरफलं चिरली गेली होती आणि प्रत्येक चिरेतून एकेक इवलंसं डोकं बाहेर आलं होतं. फ्रीजच्या मागच्या उबेवर, इडलीच्या डब्यात, कुणाला न विचारता अंडी उबली होती.

राजनंदिनी वाटी ठेवून पुढं झाली. वाकली.

"अगं बया! नाकाला अजून बलक चिकटलाय की ह्याच्या!"

"जीभ काढतंय गं."

"आल्या आल्या वेडावून दावतंय, मेलं! पूर्णिमा, उतर खाली, बाळं जन्मायला लागल्यात आणि तू उभी काय तिथं? वहिनी, साखर आणा साखर!"

साखर वाटली गेली. डब्याभोवती बायकांचा गराडा पडला. तोंड पडलं होतं ते फक्त यज्ञेश्वरचं. "पण मग मशीन..." तो पुटपुटत होता.

"मशीन दह्याला एक नंबर हाय!" राजनंदिनी म्हणाली. "आम्हालाबी पायजे. सगळ्यांस्नी. भावजी, कुठलं घ्यायचं सांगा."

यज्ञेश्वरचा चेहरा उजळला. त्यानं मोबाईल काढला, खुर्ची ओढली. "असं एकदम नाही सांगता येत, वहिनी. कोंबडीवाल्यांची वेगळी, दवाखान्याची वेगळी. दार कुठल्या बाजूला हवंय? मला जरा तुलना करावी लागेल."

"करा की. पर तुमचं ठरूस्तवर दही कुठं लावायचं आमी?" राजनंदिनीनं क्षणभर विचार केला आणि निकाल दिला. "तोवर भिशी पद्मजावहिनींच्यातच!"

पद्मजानं पडद्यांच्या जागी लटकणाऱ्या साड्यांकडं बघितलं. मग पाण्याचा पेला भरून नवऱ्यापुढं ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाली, "अहो, घाई करू नका. अगदी सावकाश निवडा."