लिंक चालू आहे

अर्पिताच्या लग्नाला बारा दिवस राहिले होते आणि तिचा भाऊ संघदीप नेरच्या छापखान्यात बसून परक्यांच्या चुका दुरुस्त करत होता.

छापखान्यात तो लग्नपत्रिका जुळवायचा. नावांच्या यादीत एक वेलांटी हुकली तर एक काका लग्नाला येत नाही, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पानं मांडायला तिथे 'लिपा' नावाचं मोफत सॉफ्टवेअर होतं. ते कुण्या कंपनीचं नाही. देशोदेशीच्या लोकांनी मिळून फुकट बनवलेलं, आणि ज्याला वाटेल त्याने त्यात सुधारणा सुचवावी. सॉफ्टवेअर झकास होतं; पण ते कसं वापरायचं हे सांगणारी इंटरनेटवरची इंग्रजी माहितीपुस्तिका म्हणजे चुकांचं पीक. शब्द वाकडेतिकडे, आणि निम्म्या लिंका मेलेल्या. 'सविस्तर इथे वाचा' म्हणून बोट दाबावं, तर 'हे पान सापडत नाही.'

संघदीपला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चूक दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. वर्षभरात त्याने छप्पन्न दुरुस्त्या पाठवल्या. पुस्तिकेचा कारभार बघणाऱ्या पोलंडच्या मार्टाबाईंनी छप्पन्नच्या छप्पन्न मान्य केल्या आणि मदतनीसांच्या यादीत त्याचं नाव घातलं. ती यादी तो गिऱ्हाइकांना दाखवायचा. गिऱ्हाईक "बरं" म्हणायचं आणि आपली पत्रिका मागायचं.

त्या दिवशी सत्तावन्नावी दुरुस्ती होती. 'अडचण आल्यास मदतगटात या' या वाक्याखालची लिंक तीन वर्षांपासून बंद होती. संघदीपने नव्या मदतगटाची लिंक शोधून उचलली. तेवढ्यात त्याच कॉम्प्युटरवर उघड्या असलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवर सत्यभामाआत्यांचा निरोप आला. आत्या म्हणजे नवऱ्या मुलाच्या, राजदीपच्या आत्या, मुक्काम केळापूर. त्यांनी दोन्ही घरांसाठी 'मंगल परिणय : राजदीप–अर्पिता' असा गट काढला होता आणि त्याची लिंक धाडली होती. 'तुमच्याइकडल्यायले पाठवून द्या.' वरपक्षाचं काम आधी. संघदीपने ती लिंक उचलून मावशीला पाठवली, मामाला पाठवली, आणि मग पुस्तिकेकडे वळून नकळत तीच तिथे चिकटवली.

पुस्तिकेत काही बदललं की एक यंत्र लिंक तपासतं. चालू आहे की बंद, एवढंच बघतं. कुठे जाते, हे बघायला त्याला कोणी सांगितलेलं नाही. हिरवी खूण आली. मार्टाबाईंना गटाचं देवनागरीतलं नाव वाचता येत नव्हतं आणि संघदीपवर त्यांचा विश्वास होता, म्हणून त्यांनीही होकार दिला. संघदीप समाधानाने चहा प्यायला गेला.

दोन दिवसांनी सकाळी त्याचे वडील उकंडाजी ओसरीवर फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून बसले होते. तीस वर्षं त्यांनी एस.टी.त कंडक्टरकी केली होती.

"अधिक पंचावन्न म्हंजे कोनता जिल्हा रे?" त्यांनी विचारलं.

"ब्राझील," संघदीप दात घासता घासता म्हणाला.

"लग्नाच्या गटात ब्राझीलचा मानूस हाय. तिकडलाच असन. आत्याबाईचे कोनी पाहुणे."

"विचारा न मंग," आतून आई, शीलाबाई, म्हणाल्या.

"विचारतो कायले? मोडतं का लग्न?"

हे घरात सगळ्यांना पटलं, कारण केळापूरची जीप सगळ्यांना माहीत होती. तीन वर्षांपूर्वी आत्यांच्या दुसऱ्या एका भाच्याचा साखरपुडा होता. फाटकावर मुलीकडच्या एका माणसाने आत्यांना "आपण कोण?" असं अगदी नम्रपणे विचारलं. आत्यांनी जीप तिथूनच वळवली आणि ते स्थळ तिथेच संपलं. तेव्हापासून आत्यांच्या घराशी सोयरीक करायची तर एक नियम होता. अनोळखी माणूस दिसला की तो वराकडचा धरायचा, हात जोडायचे आणि ओळख विचारायची नाही. ज्या उकंडाजींनी जन्मभर दिसेल त्याला तिकीट विचारलं, ते आता ब्राझीलला जयभीम घालत होते.

"त्यानं इंग्रजीत काहीतरी लिवलं. वाच बरं," ते म्हणाले.

संघदीपने वाचलं. 'लिपाच्या पुस्तिकेतून इथे आलो. माझं पान डावीकडून कापलं जातंय. कृपया मदत करा.' त्याच्या तोंडातला फेस तोंडातच राहिला.

"काय म्हंते?"

"शुभेच्छा म्हंते."

हे पहिलं खोटं. एकदा असं बोललं की मागचं पुढच्याला ओढत आणतं. शीलाबाईंनी लगेच ब्राझीलला कमळाच्या चित्रावर 'सुप्रभात' लिहून पाठवलं. केळापूरच्या कुण्या काकूंनी जोडलेल्या हातांची पाच चित्रं पाठवली. ब्राझीलच्या माणसाला ही या मदतगटाची रीत वाटली असावी, कारण दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः गुलाबाचं चित्र टाकलं आणि खाली पान अजून कापलं जात असल्याचं कळवलं.

लिंक रद्द करणं फक्त गटाच्या प्रमुखाच्या हातात असतं, आणि प्रमुख एकट्या आत्या होत्या. म्हणजे त्यांना फोन करून सांगायचं, की आत्या, तुमच्या घरचं मंगलकार्य मी जगाला मदतकेंद्र म्हणून वाटलं. संघदीपने फोन हातात घेतला, केळापूरची जीप आठवली आणि फोन खाली ठेवला. निदान पुस्तिकेतली लिंक तरी बदलावी म्हणून त्याने अठ्ठावन्नावी दुरुस्ती पाठवली. मार्टाबाईंचं आपोआप जाणारं उत्तर आलं. त्या सुट्टीवर होत्या आणि लग्नानंतर दोन दिवसांनी परतणार होत्या. 'तातडीचं काही असल्यास कृपया मदतगटात विचारावं,' असं म्हणून खाली लिंक दिली होती. ती अर्पिताच्या लग्नाची होती.

तोवर स्वयंसेवकांनी पुस्तिकेचं ते पान नऊ भाषांत नेलं. गटातली माणसं साठावरून दोनशे बारावर गेली. उकंडाजींनी आचाऱ्याला गाठून फिकं वरण वेगळं काढायला सांगितलं, कारण परदेशच्या पाहुण्यांना वऱ्हाडी तिखट झेपणार नाही. संघदीप बिचारा दिवसभर छापखान्यात बसून प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला खाजगीत उत्तर द्यायचा, म्हणजे तो गटात पुन्हा विचारणार नाही. त्याचं जेवण तुटलं. फोन वाजला की तो दचकायचा. तीन पत्रिकांमध्ये त्याने नवरदेवाचं नाव नवरीच्या जागी टाकलं, ते मालकाच्या नजरेला पडलं म्हणून बरं.

शेवटी त्याला युक्ती सुचली. त्याने अकरा जणांना खाजगीत लिहिलं, की हा गट चुकीचा आहे, कृपा करून निघून जा. माणसं सज्जन होती. अकराही जण मुकाट्याने निघून गेले. गट सोडल्याचं फक्त प्रमुखाला कळतं, आणि तासाभरात प्रमुखांचा फोन उकंडाजींना आला. उकंडाजींनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"दाजी," आत्यांचा आवाज मधासारखा होता, "तुमच्याइकडले अकरा मानसं गट सोडून गेले. कोनी नाराज झालं का? आमचं काही चुकलं असन तं सांगा."

"नाही नाही आत्याबाई," उकंडाजी उभेच राहिले. "चुकन कसं? तुम्ही कायले चुकान?"

फोन बंद झाल्यावर ते खाटेवर बसले. "आमच्याइकडले म्हंते. टोमणा हाय हा. तिचे पाहुणे नाराज होऊन गेले, अन् बोल आपल्यावर. एवढी गोड बोलून राह्यली म्हंजे जीप तयार हाय." मग त्यांनी संघदीपकडे पाहिलं. "तू कोनाले काही बोलला तं नाही न?"

"मी कायले बोलू?" संघदीप म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्याच्या मनात तर पौर्णिमा होती.

मग त्याने त्या अकरा जणांना पुन्हा लिहिलं. झाल्या प्रकाराबद्दल क्षमा असावी, कृपा करून परत या. नऊ जण परत आले, आणि येताना फुलांची चित्रं घेऊन आले.

त्या दुपारी त्याने अर्पिताला माडीवर नेलं आणि सगळं सांगितलं. अर्पिता हाताच्या मेंदीकडे बघत शांतपणे ऐकत होती.

"म्हंजे माह्या लग्नात मले फसवून राह्यला तू," ती म्हणाली.

"फसवून नाही व. एक लिंक चुकली."

"दुसऱ्याच्या चुका काढाले कोनी सांगितलं होतं तुले? छप्पन्न काढल्या न, तिथंच थांबाचं होतं."

"राजदीपभाऊले सांगू का?"

"तो आत्याले सांगन. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही." तिचे डोळे भरून आले होते. "दादा, मले हे लग्न पाहिजे. बाकी जग आलं तरी चालन. लग्न होऊ दे, मंग काय सांगायचं ते सांग."

हे ऐकून संघदीपला रडू आलं. लहानपणी तिची पाटी फोडली होती तेव्हाही तो इतका शरमला नव्हता. त्याने शपथ घेतली, की यापुढे कुणी 'पाणी' हा शब्द चार जागी चुकवला तरी आपण हात लावायचा नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडव भरला. केळापूरची जीप आली, फाटकातून आत आली, आणि आत्या पांढऱ्याशुभ्र नऊवारीत उतरल्या. उकंडाजींनी फाटकावरच्या सगळ्या पोरांना तोंडं बंद ठेवायची तंबी दिली होती. संघदीप एका कोपऱ्यात उभा राहून माणसं मोजत होता. ब्राझील नव्हता. पोलंड नव्हतं. त्याचा जीव जरा भांड्यात पडला, तोच खांद्याला लॅपटॉपची बॅग लावलेला एक जाड मिशांचा माणूस आत शिरला आणि बावरून इकडेतिकडे बघू लागला.

उकंडाजींनी पाहिलं. ओळख पटली नाही, म्हणजे वराकडचा, शिवाय बॅग. ते धावत गेले, त्याला गुलाबाचं फूल दिलं, हाताला धरून पुढे नेलं आणि मानाच्या सोफ्यावर आत्यांच्या शेजारी बसवलं. मागोमाग वरपक्षाच्या एका काकांनी वधूकडचा कुणी मोठा माणूस समजून त्याला थंड पेय दिलं. माणूस दोन्ही हातांत दोन वस्तू धरून बसला.

संघदीप सोफ्यामागे जाऊन वाकला. "भाऊ, तुम्ही कोनीकडून आले?"

"फुलसावंगी. रूपसिंग म्हन्तेत. पत्रिका छापतो मी," तो माणूस हळूच म्हणाला. "लिपावाल्या गटात पत्ता टाकला होता न, सहकुटुंब यावे म्हनून? मले वाटलं, लिपावाल्यायचा मेळावा हाय. माह्यं पान कापल्या जाते भाऊ, डाव्याइकडून. इथं तं लगन हाय. मी जातो."

"बसा," संघदीप म्हणाला. "हलू नोका. काही बोलू नोका. जेवण झाल्यावर मी पाहतो तुमचं पान."

पण आत्यांनी मान वळवली होती. त्यांनी रूपसिंगकडे पाहिलं, मग त्याच्या बॅगेकडे, मग संघदीपकडे. त्या उठल्या. "पोरा, इकडं ये जरा," म्हणाल्या आणि मांडवाच्या कनातीमागे चालू लागल्या. संघदीप मागोमाग गेला. पलीकडे भन्तेजी येऊन बसले होते, अर्पिता पांढऱ्या साडीत मान खाली घालून येत होती, आणि जीपचा ड्रायव्हर जीपमध्येच बसलेला होता.

"आत्या," कनातीमागे पोचताच संघदीपने सुरुवात केली, "मले तुम्हाले एक सांगायचं हाय."

"आधी माह्यं ऐक." आत्यांनी इकडेतिकडे बघून त्याचा हात धरला. "तो मानूस तुमचा नाही. आमचाही नाही. अन् त्या गटातले दीडशे मानसं कोनाचेच नाही."

"आत्या, ते..."

"माह्या हातून झालं, बाबू. मी ते लिंक आमच्या बचत गटात टाकली, भजनाच्या गटात टाकली, अजून कुठं कुठं दाबल्या गेलं मले ध्यानात नाही. अन् हे पाह्य, सारी दुनिया आली. दहा दिवस झाले, मले झोप नाही. म्हटलं, तुमच्याइकडच्या कोनी विचारलं का आत्याबाई हे लोक कोन, तं काय सांगू? साऱ्या जिल्ह्यात हसू होईन माह्यं. ते अकरा मानसं गेले तवा वाटलं, आता उकंडाजी लग्न मोडते."

अपराध कबूल करायला काढलेला शब्द संघदीपच्या जिभेवर होता. तो तिथे थोडा वेळ थांबला, आणि लाजेने सांगायला हवं, की मग खाली उतरला.

"तुह्या बापानं एका शब्दानं विचारलं नाही," आत्या डोळे पुसत म्हणाल्या. "असे सोयरे नशिबानं भेटते. तू कोनाले सांगजो नोको, बरं."

"नाही सांगत, आत्या."

"मले आता ते लिंक बंद कशी करा लागते, तेवढं शिकव."

त्याने तिथेच उभ्या उभ्या त्यांचा फोन घेतला आणि दोन बोटांत लिंक रद्द केली. दहा दिवसांत त्याचा पहिला मोकळा श्वास तो. मांडवात त्रिसरण-पंचशील सुरू झालं. आत्या जाऊन रूपसिंगच्या शेजारी बसल्या आणि स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी दुसरं फूल मागवलं.

लग्न लागलं. जेवणाआधी संघदीपने आचाऱ्याच्या चुलीमागे रूपसिंगचा लॅपटॉप उघडून कागदाचं माप बदललं आणि पान पुरं निघालं. फोटोच्या वेळी तो बहिणीशेजारी जाऊन उभा राहिला.

"कनातीमागं काय म्हने आत्या?" अर्पिताने ओठ न हलवता विचारलं.

"काही नाही," संघदीप कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला. "त्यायच्या हातून एक चूक झाली होती. मी माफ केलं त्यायले."